घड्याळ थांबवल्यानंतरचे तीन दिवस: जोरात धावणाऱ्यांचं हृदय आणि प्रतिकारशक्ती

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे वाशीहून पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत आणि परत, असा लाँग रन केला. शेवटचे सहा किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. ठाण्याला पाचपाखाडीत घरी पोहोचले, आंघोळ केली, तोवर साडेदहाला रक्त घ्यायला मुलगा दारात हजर. वार्षिक तपासणीचं पॅकेज होतं आणि रविवारची वेळ मीच दिली होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून पूर्ण रनमध्ये पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी १४,८००, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८२ टक्के. एसजीओटी, म्हणजे यकृतातून आणि स्नायूंतूनही रक्तात येणारं एन्झाइम, ७८. तिन्ही आकडे ठळक अक्षरांत. सोमवारी जिथे दाखवायला गेले तिथे "इन्फेक्शन आहे" म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून मिळालं. ताप नव्हता, खोकला नव्हता, लघवीला जळजळ नव्हती. गोळ्या घेण्याआधी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "रक्त देण्याआधी काय केलं होतंत?"

दहा दिवसांनी, दोन दिवस न धावता, पुन्हा रक्त दिलं. पांढऱ्या पेशी ६,३००. एसजीओटीही जागेवर.

जोरात धावल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी एखाद्या आजारात वाढाव्यात तशा वाढतात, हे बॉस्टनमधल्या लॅराबी नावाच्या डॉक्टरांनी १९०२ सालीच नोंदवलंय. मॅरेथॉन पळून आलेल्यांचं रक्त त्यांनी तपासलं होतं. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी धावणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. आपण घड्याळाचं बटण दाबतो आणि रन संपला असं धरतो. हृदय, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्ती मात्र पुढचे काही तास, कधी दोन-तीन दिवस, त्याच रनवर काम करत असतात. आठवड्याचा आराखडा करताना हे तीन दिवसही त्यात धरावेत. कसे, ते आता क्रमाने सांगते.

आधी हृदयाची तपासणी

धावायला सुरुवात करताना कुणी ईसीजी काढत नाही. हळू चालणं-पळणं असेल तर बहुतेकांना गरजही नसते. पण चढावर इंटरव्हल (मध्ये विसावा घेत केलेल्या जोराच्या छोट्या धावा) किंवा शर्यतीची तयारी करायची असेल, आणि वय चाळिशीपुढचं असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. भारतीयांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार पाश्चात्त्य लोकांपेक्षा लवकरच्या वयात दिसतो. म्हणून "मी तर बारीक आहे" हे कारण चालत नाही.

वयाप्रमाणे धोका बदलतो. पस्तिशीच्या आत धावताना अचानक कोसळणाऱ्यांमध्ये जन्मजात किंवा आनुवंशिक दोष जास्त सापडतात, उदाहरणार्थ हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. पस्तिशीनंतर मुख्य कारण रक्तवाहिन्यांतले अडथळे. म्हणून आमच्या धावण्याच्या ग्रुपमधल्या तरुण मुलांना मी वेगळा प्रश्न विचारते: घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का? "काका झोपेतच गेले", "आत्या पोहताना बुडाली" अशी उत्तरंही महत्त्वाची असतात, आणि ती डॉक्टरांना सांगायला हवीत.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. पाळी थांबल्यावर हृदयविकाराबाबतचं आपलं नैसर्गिक संरक्षण कमी होतं. शिवाय आपली लक्षणं नेहमी छातीतल्या कळेच्या रूपात येत नाहीत. जबडा दुखणं, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये दुखणं, मळमळ, नेहमीच्याच रनला विचित्र थकवा, हेही हृदयाचं म्हणणं असू शकतं. त्याला ॲसिडिटी म्हणून टाळू नका. हिमोग्लोबिनही पाहा. ते १२ च्या खाली असेल तर तेवढाच ऑक्सिजन पोहोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि आपण उगाच "फिटनेस कमी झाला" म्हणून जास्त पळत सुटतो.

आपले दोन आकडे

पहिला आकडा सकाळच्या नाडीचा. जाग आल्यावर, उठण्याआधी, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्याचे स्वतःचे ठोके जाणवतात. पूर्ण मिनिट मोजा. सलग सात दिवसांची सरासरी काढून ती फ्रीजवर लावा. सर्वसाधारण माणसाचा आकडा ६० ते ८० च्या आसपास असतो. नियमित लांब पळणाऱ्यांचा ५० च्या खालीही जातो. कारण प्रत्येक ठोक्याला त्यांचं हृदय जास्त रक्त ढकलतं. पण कमी ठोक्यांसोबत चक्कर किंवा अंधारी येत असेल, तर त्याला फिटनेस समजून गप्प बसू नका.

दुसरा आकडा कमाल ठोक्यांचा. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांच्या तोंडी आहे. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, मोठ्या वयात जास्त जवळचं उत्तर देतं. पन्नाशीच्या व्यक्तीला पहिल्याने १७० मिळतात, दुसऱ्याने १७३. दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत आणि एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं. मनगटावरच्या घड्याळाचीही फसगत होते: पट्टा सैल असेल तर ते ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं आणि १७५ दाखवतं. म्हणून माझा भरवसा बोलण्यावर. पूर्ण वाक्यं सहज बोलता येतात तो हळू रन. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो तो टेम्पो. एक शब्दही नको वाटतो तो इंटरव्हल. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी तर फक्त हेच वापरावं, कारण त्या गोळीने ठोके फारसे चढत नाहीत.

जोराच्या दिवशी आत काय चालतं

विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवतं. ठाण्यातल्या येऊरच्या चढावर जीव तोडून पळताना साधारण माणसाचं हृदय वीस लिटरपर्यंत जातं, कसलेल्या धावपटूचं तीसच्याही पुढे. ही वाढ डोळ्यांत भरते. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती रक्ताची वाटणी. बसलेलं असताना स्नायूंना एकूण रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा मिळतो. पूर्ण जोरात असताना तो ८० टक्क्यांच्या वर जातो. मेंदूला मिळणारं रक्त कमी करता येत नाही, त्यामुळे कपात होते पोट, आतडी आणि मूत्रपिंडांची.

रनमध्ये पोटात गोळा येतो, शौचाला पळावं लागतं, त्यामागे ही कपातही असते. आतड्याच्या आतल्या अस्तराला रक्त कमी पडलं, त्यात अंग तापलं, की अस्तर थोडं पाझरू लागतं आणि जंतूंच्या कवचाचे अंश रक्तात शिरतात. प्रतिकारशक्ती त्यांना पाहून जागी होते. म्हणजे हृदयाने केलेल्या वाटणीचा हिशोब प्रतिकारशक्तीला द्यावा लागतो. उन्हात, पाणी न पिता, लांब पळाल्यावर अंगात कणकण वाटते, त्यात याचाही हात असू शकतो.

आता रनच्या आधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनी हे परत वाचावं. गुडघा दुखू नये म्हणून पहाटे पाचला गोळी घेऊन येणारे आमच्या ग्रुपमध्येही होते. या गोळ्या आतड्याचं अस्तर आणखी पाझरवतात आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात. गोळी घेतल्याशिवाय पळता येत नसेल, तर त्या दिवशी पळायचं नाही. यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

प्रत्यक्ष जोराचा दिवस मी असा करते. उपवन तलावाभोवती १५ मिनिटं हळू धावणं, मग २०-२० सेकंदांच्या चार वाढत्या धावा. वॉर्मअप टाळून एकदम चढाला लागलं तर निरोगी माणसाच्याही हृदयाला क्षणभर मागणीच्या मानाने रक्त कमी पडू शकतं, म्हणून हा भाग वेळ नाही म्हणून कापू नका. मग येऊरच्या चढावर तीन मिनिटांच्या पाच धावा, मध्ये उताराने चालत-धावत तीन-चार मिनिटं. पाचवी धाव पहिलीइतकीच जमली पाहिजे. जमली नाही, तर पहिली गरजेपेक्षा जोरात होती.

असा दिवस आठवड्यात एक, फार तर दोन. नॉर्वेत काम करणारे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी उत्तम लांब पल्ल्याच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं सोपी निघाली. आपल्याकडे उलटं दिसतं. रोजच मध्यम जोर: धड हळू नाही, धड वेगवान नाही. त्यात हृदयाला पुरेसं आव्हान मिळत नाही आणि प्रतिकारशक्तीला सावरायला वेळही मिळत नाही.

दमट हवेतले चढते ठोके

पाम बीच रोडवर सावली फार कमी. एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि सात वाजल्यानंतर डांबर तापायला लागतं. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तिथे एक गोष्ट घड्याळावर स्वच्छ दिसते. वेग तोच ठेवला, तरी विसाव्या मिनिटाला १४८ असलेले ठोके नव्वदाव्या मिनिटाला १६३ होतात. घाम जाऊन रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, उरलेल्यातलं बरंच रक्त अंग थंड करायला त्वचेकडे गेलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कमी रक्त जातं आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. गळलेल्या घामाने अंग थंड होत नाही.

अशा दिवशी वेगाकडे पाहू नका, श्वासावरून जोर ठरवा. उन्हाळ्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर जोराचे रन आखूड ठेवा. रनच्या आधी आणि नंतर, कोरड्या अंगाने, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जेवढं किलो घटलं, साधारण तेवढे लिटर घाम गेला. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलोहून जास्त घटत असेल, तर पुढच्या वेळी रस्त्यात जास्त प्या. वजन वाढलं असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात, आणि ते जास्त धोक्याचं आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी सापडलं होतं. दीड तासापुढच्या रनला नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण लिटरमध्येच घोळा, किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत बाटलीत भरून न्या.

हवेबद्दल थोडक्यात. जोरात पळताना मिनिटाला शंभर लिटरहून जास्त हवा फुप्फुसांत जाते, बसल्या जागी सहा-आठ लिटर. हिवाळ्यात घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात धूळ-धूर खाली बसलेला असेल आणि हवेचा निर्देशांक २०० च्या वर असेल, तर इंटरव्हल पुढे ढकला.

थांबायचं कसं

गेल्या वर्षी येऊरच्या वरच्या वळणावर आमच्यातला एक तिशीतला मुलगा पाचवी धाव संपवून जागीच थांबला. गुडघ्यांवर हात, मान खाली. मग ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, सगळं पांढरं दिसतंय." ओठांचा रंग गेला होता, कपाळावर थंड घाम. खाली बसेपर्यंत त्याचे गुडघे वाकले. त्याला आडवं केलं, पाय कठड्यावर उंच ठेवले. दोन मिनिटांत गालांवर रंग परत आला.

पळताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरा पिळून रक्त वर हृदयाकडे पाठवत असतात. रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात. अशात एकदम थांबलं की पिळणं बंद, रक्त पायांत साचतं, दाब पडतो. शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे लोक कोसळतात त्यामागे बरेचदा हेच असतं. उपाय साधा: रेषा ओलांडा आणि चालत राहा, किमान दहा मिनिटं. लगेच गरम पाण्याने आंघोळ नको.

आणि हा फरक लक्षात ठेवा: थांबल्यावर चक्कर येणं बहुतेकदा साधं असतं. पळता पळता, वेगात असताना शुद्ध हरपणं साधं नसतं. तसं एकदा जरी झालं, तरी हृदयरोगतज्ज्ञांनी तपासेपर्यंत धावणं बंद.

थांबताना एक मोजमाप करा. जोर संपल्याक्षणी ठोके पाहा, एक मिनिट चाला, पुन्हा पाहा. १२ पेक्षा कमी उतार वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा. नियमित पळणाऱ्यांचा उतार तीसच्या आसपास किंवा जास्तही असतो. तुमचा नेहमीचा आकडा माहीत असेल, तर थकवा साठतोय हे तिथे आधी कळतं.

पहिले काही तास

धावताना ॲड्रेनलिन वाढतं, रक्तप्रवाह जोरात होतो, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी प्रवाहात उतरतात. विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी तर कित्येक पटींनी वाढतात. मागोमाग कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि हाडांच्या मगजातून न्यूट्रोफिल बाहेर येतात. माझ्या रिपोर्टमधले ८२ टक्के ते हेच. एक-दोन तासांनी दुसरा टप्पा: रक्तातल्या लिम्फोसाइट्स (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) विश्रांतीच्या पातळीपेक्षाही खाली जातात आणि साधारण दिवसभरात परत जागेवर येतात.

या उताराचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचं मत बदललं आहे. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन या संशोधकांनी धावपटूंना विचारणा केली. पुढच्या आठवड्यात पळालेल्यांपैकी १२.९ टक्के जण सर्दी-खोकल्यासारख्या संसर्गाने आजारी पडले. तसाच सराव करूनही शर्यतीत न उतरलेल्यांपैकी २.२ टक्के. त्यातून विचार रुजला की जोराच्या रननंतर काही तास ते तीन दिवस प्रतिकारशक्तीची खिडकी उघडी राहते आणि जंतू आत शिरतात. २०१८ साली कॅम्पबेल आणि टर्नर या ब्रिटिश संशोधकांनी त्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, रक्तातून गेलेल्या पेशी मेलेल्या नसतात. त्या फुप्फुसं, आतडी अशा जागी, जिथे जंतू भेटण्याची शक्यता जास्त, तिथे गस्तीला जातात.

मला हे दुसरं म्हणणं पटतं, आणि तरी शर्यतीनंतरचा आठवडा मी जपूनच काढते. कारण आजारी पाडणाऱ्या बाकीच्या गोष्टी त्या आठवड्यात एकत्र येतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचंच घ्या. आदल्या रात्री चार तास झोप, पहाटे लोकल, हजारो लोकांमध्ये तासभर उभं राहणं, पळून झाल्यावर त्याच हातांनी केळं, मग ओल्या टीशर्टमध्ये खोकणाऱ्या गर्दीतून ठाण्यापर्यंत प्रवास.

म्हणून क्रम असा ठेवा. लांब आणि जोराच्या रनमध्ये दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्की, गूळ घातलेलं लिंबूपाणी, काहीही चालेल. साखर पोहोचत राहिली तर कॉर्टिसॉल कमी चढतं आणि पांढऱ्या पेशींची उलथापालथही कमी होते. मी त्या रविवारी उपाशी पळाले, त्याने माझा रिपोर्ट आणखी बिघडला असणार. थांबल्यावर कोरडा टीशर्ट घाला, हात साबणाने धुवा आणि मगच खा. तासाभरात कर्बोदकं आणि प्रथिनं एकत्र पोटात गेली पाहिजेत: मुगाची खिचडी आणि दही, पोहे आणि दोन अंडी, इडली-सांबार, घरात जे असेल ते. परतीच्या गर्दीत मास्क लावा.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल नेहमी विचारतात. मॅरेथॉन धावपटू, स्कीइंग करणारे आणि सैनिक यांच्यावरच्या पाच चाचण्यांमध्ये सर्दीचं प्रमाण जवळपास निम्मं झालं होतं, म्हणजे कडक परिश्रमाच्या काळापुरता फायदा दिसतो. पण मोठ्या डोसच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या रोज घेतल्या तर सरावातून स्नायूंना मिळणारा फायदाच कमी होऊ शकतो, असंही दिसलंय. मी पेरू आणि आवळा खाते.

दुसरा आणि तिसरा दिवस

धावताना आकुंचन पावणारे स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या रक्तात सोडतात. डेन्मार्कच्या बेन्टे क्लारलुंड पेडरसन यांनी यावर खूप काम केलंय. मॅरेथॉननंतर त्याची पातळी शंभर पटींपर्यंत गेलेली मोजली आहे. आजारात हाच निरोप्या दाह वाढवतो. व्यायामात तो मागोमाग दाह शमवणाऱ्या द्रव्यांनाही बोलावतो. ही दुरुस्ती पुरी व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रविवारी लांब पळून मंगळवारी पुन्हा इंटरव्हल, हे मी कुणाला सुचवत नाही. सोमवारी चालणं किंवा पूर्ण सुट्टी. मंगळवारी मासुंदा तलावाभोवती अर्धा-पाऊण तास, गप्पा मारता येतील असं. बुधवारी सकाळची नाडी नेहमीच्या जागी असेल तर पुन्हा जोर. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल, सलग दोन दिवस, तर जोराचा दिवस रद्द. माझ्या अनुभवात ताप येण्याआधी नाडीच बोलते.

झोपेवर मी फार हट्टी आहे. अमेरिकेत १५३ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून पाहिला होता. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाली. पहाटे साडेचारला उठायचं असेल तर नऊला दिवा मालवा. तेवढं जमत नसेल तर त्या दिवशीचा रन हळू करा.

रक्ततपासणी या तीन दिवसांत करू नका. पांढऱ्या पेशी, सीआरपी (दाहाचं मोजमाप), सीपीके (स्नायूंच्या इजेचं), एसजीओटी, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं), सगळेच आकडे वर सरकलेले असू शकतात. मॅरेथॉननंतर तर हृदयाच्या इजेचं मोजमाप असलेलं ट्रोपोनिनही बऱ्याच निरोगी धावपटूंमध्ये वाढतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. जोराच्या रननंतर तीन दिवस, शर्यतीनंतर आठवडा जाऊ द्या, आणि डॉक्टरांना आपण धावतो हे आधीच सांगा. मात्र छातीत दुखत असेल तर हा नियम लागू नाही. तेव्हा सरळ हॉस्पिटल, आणि आकड्यांचा अर्थ तिथले डॉक्टर लावतील.

आजारी पडल्यावर

नाक वाहतंय, घसा थोडा खवखवतोय, ताप नाही, अंगदुखी नाही: वीस मिनिटं हळू धावून पाहा, बरं वाटलं तर ठीक. लक्षणं मानेच्या खाली उतरली, म्हणजे छातीतला खोकला, कणकण, जुलाब, ताप, तर बूट बाजूला ठेवा. तापात धावण्याची खरी भीती हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची आहे. सर्दी-फ्लूचे काही विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात आणि जोराच्या श्रमाने तिथली इजा वाढते. ही सूज निघाली तर तीन ते सहा महिने जोर बंद ठेवावा लागतो.

आपल्याकडे पावसाळ्यात तापाकडे आणखी बारकाईने पाहावं लागतं. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू आणि मलेरियाचे दिवस. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, आणि ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे असतात. "ताप गेला, उद्या येतो" असा मेसेज ग्रुपवर आला की मी लगेच फोन करते. साठलेल्या पाण्यातून पळावं लागलं, तर घरी येताच पाय साबणाने धुवा, आणि पायावर जखम किंवा फुटलेला फोड असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) प्रतिबंधक गोळीबद्दल ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. पावसाळी शर्यतींच्या सरावात हे दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

परत येताना घाई नको. ताप गोळीशिवाय पूर्ण उतरून दोन दिवस गेले की आधी चालणं. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही तर २० मिनिटं हळू धावणं. जितके दिवस ताप होता, निदान त्याच्या दुप्पट दिवस फक्त हळू. जोराचा पहिला दिवस सकाळची नाडी फ्रीजवरच्या आकड्याला आल्यानंतरच. डेंग्यूनंतर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचा होकार, दोन्ही हवेत.

रस्त्यावर कुणी कोसळलं तर

अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्ध्या मॅरेथॉनमधल्या १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास झाला. हृदय बंद पडल्याच्या घटना ५९. प्रमाण फार कमी आहे, घाबरून पळणं सोडण्यासारखं मुळीच नाही. त्यांतल्या बहुतेक घटना शर्यतीच्या शेवटच्या पाव भागात घडल्या, आणि जे वाचले त्यांच्या बाबतीत शेजारच्या माणसाने लगेच छाती दाबायला सुरुवात केली होती, ही गोष्ट निर्णायक ठरली.

हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही किंवा अधूनमधून घरघर आहे, तर नाडी शोधत बसू नका. एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, हाडावर, तळहाताची टाच ठेवून, कोपर सरळ, किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहायचं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. पाणी पाजायचं नाही. तिसऱ्याने रुग्णवाहिकेला वाट दाखवायला मोठ्या रस्त्यावर जायचं. पाम बीचवर सिग्नलचं आणि जवळच्या सोसायटीचं नाव सांगा, नुसतं "पाम बीच रोड" म्हटलं तर गाडी पोहोचायला वेळ लागेल. उन्हात पळून अंग भाजतंय आणि माणूस बरळतोय, पण श्वास आणि हालचाल आहे, तर तो उष्माघात धरा: फोन करून लगेच सावलीत न्या, मिळेल ते पाणी अंगभर ओता, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवा, आणि गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहा. आमच्या ग्रुपमध्ये रविवारी निघण्याआधी फोन, छाती दाबणं आणि वाट दाखवणं ही तीन कामं कोण करणार, ते नाव घेऊन ठरतं, आणि प्रत्येकाच्या बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे रक्तगट, घरचा नंबर आणि चालू गोळ्या लिहिलेल्या असतात.